सातातले चार

१४ जानेवारी, मंगळवार

"तुला नाही म्हणता येत नाही, म्हणून लोक तुलाच विचारतात." गॉर्डन, माझा तेव्हाचा नवरा, घर सोडून जाताना हे म्हणाला होता, पुष्कळ वर्षांपूर्वी, दारात उभं राहून. त्याच्या काखेत आमचा टोस्टर होता. तोही त्याने विचारूनच घेतला होता.

आज ते वाक्य आठवलं, कारण नगराध्यक्ष होलिस ग्रेडी दात साफ करून घ्यायला आला होता. मी त्याच्या तोंडातून नळी काढली, तर पहिलं वाक्य, "मार्लिस, कर्जरोख्यांच्या समितीची अध्यक्ष हो."

मी म्हटलं, "चूळ भर."

तो चूळ भरून म्हणाला, "म्हणजे हो ना?"

एप्रिलच्या निवडणुकीत पेल क्रीकच्या मतदारांना एक प्रश्न विचारला जाणार आहे. गावातल्या तीन बागांसाठी नगरपालिकेने कर्जरोखे काढावेत का? कर्ज घरपट्टीतून फेडायचं, वीस वर्षं. तीन बागा म्हणायचं, पण खरा प्रश्न लिंडेल पार्कमधल्या पोहण्याच्या तलावाचा आहे. त्याला चिरा गेल्यात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही भरत होतो त्याहून वेगाने पाणी जमिनीत जात होतं. लोक 'नाही' म्हणाले तर या उन्हाळ्यात त्यात माती भरून वर गवत लावणार.

एकोणिसाव्या वर्षापासून मी दर उन्हाळ्यात तिथे सकाळी मुलांना पोहायला शिकवते. दातांचं काम बाकीच्या वर्षासाठी आहे.

मी हो म्हटलं.

२७ जानेवारी, सोमवार

समितीची पहिली बैठक, बेव्ह स्ट्राउडच्या पार्लरमध्ये. बेव्ह माझी शाळेपासूनची मैत्रीण. केस कापताना ती जे बोलते ते गावाचं मत ठरतं, म्हणून तिला समितीत घेणं भागच होतं. माणसं केस वाळवायच्या खुर्च्यांवर बसली होती.

आपल्या राज्यात कर्जरोख्यांना निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत, सातातली चार लागतात, हे समजावण्यासाठी मी अननसाचा उलटा केक करून नेला होता. त्यावर अननसाच्या बरोबर सात चकत्या बसतात. सहा कडेने, एक मध्ये.

"यातल्या चार आपल्याला हव्यात," मी म्हटलं.

"मधली कुणाची?" बेव्हने विचारलं.

"कुणाचीही. चार हव्यात."

"मधली धरून चार की सोडून चार?"

होलिस म्हणाला, "साडेतीन चकत्यांच्या वर गेलो की जिंकलो ना आपण?"

मी म्हटलं, "नाही. साडेतीनच्या वर गेलो की जास्त मतं मिळाली. जिंकायला चार."

"जास्त मतं मिळाली म्हणजेच जिंकलो की," होलिस म्हणाला. तो तीन वेळा नगराध्यक्ष झालाय, प्रत्येक वेळी निम्म्याच्या जरा वर जाऊन. त्याच्यासाठी हे अवघडच असणार.

मग केक कापायला घेतला. सात सारखे तुकडे कुणालाच जमले नाहीत. शेवटी आठ केले आणि आठवा बेव्हने खाल्ला.

९ फेब्रुवारी, रविवार

चर्चनंतर घरोघर. लोक दार उघडतात, ऐकून घेतात, थंडी फार पडलीय म्हणतात. मी ते 'हो' धरते.

शेवटी ऑरिन कॅडेलकडे गेले. हा विरोधी बाजूचा पुढारी. तशी विरोधी बाजूला समिती नाही, फक्त ऑरिन आहे. पत्नी गेल्यावर त्याने पशुखाद्याचं दुकान विकलं. आता गॅरेजमध्ये गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. महामार्गाला लागून त्याच्या कुंपणावर प्लायवुडची फळी आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात एकच शब्द, 'नाही.' पुढे पूर्णविराम. कशाला नाही, ते लिहिलेलं नाही. गावात सगळ्यांना कळतं.

"मिस्टर कॅडेल, दोन मिनिटं आहेत का तुम्हाला?"

"दोन आहेत. तुम्ही त्या दाताच्या दवाखान्यातल्या ना? माझी वेळ होती तुमच्याकडे, गुरुवारची. रद्द केलीय."

"का?"

"तोंड उघडं ठेवून वाद घालता येत नाही मला."

माझ्याबद्दल त्याने ऐकलं असणार. परवाच डॉक्टरांनी मला बजावलंय की रुग्णाच्या तोंडात हत्यार असताना बागांचा विषय काढायचा नाही.

मी त्याला विचारलं, विरोध का. तो म्हणाला, "अग्निशमन केंद्राच्या वेळी मी हो म्हटलं होतं. बांधलं. छान बांधलं. आता छप्पर गळतं आणि बंबावर ताडपत्री टाकतात. तुम्ही लोक वस्तू घेता, तिला सांभाळायचं ठरवत नाही. तलाव दुरुस्त केल्यावर दर वर्षी त्याची देखभाल कोण करणार, कशातून करणार, विचारलंय का कुणी?"

मला उत्तर माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "बसा," म्हणाला. "कॉफी ठेवतो."

कॉफी वाईट होती. दोन कप घेतले. मत बदललं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

होलिसला देखभालीचं विचारलं. तो म्हणाला, "ते नंतर बघू." ऑरिनला जाऊन ते तसंच सांगितलं, कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला हवं. तो हसला नाही. "हे मी आधीच लिहून दिलं असतं," म्हणाला.

नगरपालिकेकडून काय लिहून घ्यायचं यावर आम्ही बराच वेळ बोललो. तो एक वाक्य सांगायचा, मी ते जरा सौम्य करायचे, तो पुन्हा कडक करायचा. पाऊस आला म्हणून मला आणखी थांबावं लागलं.

बेव्हला हे सांगितलं. ती कुणाच्या तरी केसांना रंग लावत होती. "परत गेलीस? मार्लिस, गावात बाराशे घरं आहेत. त्या एका मतासाठी किती पेट्रोल जाळशील?"

मी म्हटलं की तो वळला तर त्याच्यामागून बरेच वळतील.

"अस्सं," बेव्ह म्हणाली आणि आरशातून गिऱ्हाइकाकडे बघितलं. गिऱ्हाइकाने भुवया उंचावल्या.

३ मार्च, सोमवार

नगरसभेने ठराव केला. कर्जरोखे मंजूर झाले तर दर वर्षी अंदाजपत्रकात तलावाच्या देखभालीची रक्कम आधी बाजूला काढायची. होलिसला मी सलग चार सभांमध्ये हेच विचारलं. तो कंटाळला. मला नाही म्हणता येत नाही, पण पुन्हा पुन्हा विचारता येतं.

सभा संपल्यावर थेट ऑरिनकडे गेले. त्याने ठराव दोनदा वाचला. ठराव चांगला आहे म्हणाला.

"मग फळी काढता?"

"फळी रंगवून झालीय."

"पुसता येते."

"मार्लिस, लोक येता-जाता ती वाचतात. माझ्यावर विसंबून काहींनी आपल्या अंगणात 'नाही' लावलंय. आता ठरावाचा एक कागद दाखवून मी घूमजाव केलं तर माझा शब्द काय राहिला?"

हट्टी माणूस. दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि पहिल्याच बाजूला थांबतो. मी निघाले तर गाडी सुरूच होईना. त्याने स्वतःच्या ट्रकवरून तारा लावून दिल्या. म्हणाला, बॅटरी बदल, ही तुला कुठेतरी वाटेत सोडेल. विरोधकाच्या विजेवर घरी आले. निघताना हा विनोद मीच त्याला ऐकवला, आणि तो वाकून हसला. त्याला असं हसताना पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात छान आहेत. खालचे बघायला हवेत.

१५ मार्च, शनिवार

काल वादळी वारा. सकाळी आमच्या पाट्या बघायला निघाले. महामार्गावर ऑरिनची फळी कुंपणावरून उखडून चरात उपडी पडली होती. तो घरी नव्हता. मी गाडी थांबवली, फळी उचलली, तार शोधून पुन्हा बांधली. जड होती. हातात कुसळ गेलं.

कुणाचं म्हणणं वाऱ्याने पडलं म्हणून आपण जिंकावं, हे मला पटत नाही.

बेव्हला हे पटलं नाही. "तू 'नाही'ची पाटी उभी केलीस?"

"पडली होती."

"देव तुझं भलं करो. आमच्या समितीचं काय करणार ते त्यालाच ठाऊक."

आमच्या त्या रस्त्यावरच्या 'हो'च्या पाट्या मात्र सगळ्या सरळ उभ्या होत्या. इतर रस्त्यांवरच्या अर्ध्या आडव्या झाल्यात. त्या रस्त्यावरच्यांच्या खुंटांना नवीन तारही गुंडाळलेली दिसली. नगरपालिकेची माणसं कधीकधी चांगलं काम करतात. होलिसला सांगून कुणाला तरी शाबासकी द्यायला हवी.

२५ मार्च, मंगळवार

घरपट्टी नक्की किती वाढेल याची आकडेमोड घेऊन ऑरिनकडे गेले. त्याने हॅम घालून घेवडा शिजवला होता, मक्याचा पाव भाजला होता. मोठं भांडं. एकट्या माणसाला इतकं कशाला लागतं, विचारलं. "तू मंगळवारी येतेस," म्हणाला. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं, पण मागचे दोन्ही मंगळवार मी इथेच होते.

जेवताना त्याच्या बायकोचा विषय निघाला. शेवटच्या उन्हाळ्यात ती रोज संध्याकाळी लिंडेल पार्कमध्ये जाऊन बसायची, तलावाच्या जाळीशी, मुलांचा आवाज ऐकत. तो तिला सोडून दुकानात परत जायचा.

"तुला पोहायला येतं?" मी विचारलं.

"नाही."

"जूनमध्ये मोठ्यांचा वर्ग असतो. गुरुवारी. ये ना."

"म्हणजे विरोध करायला आणखी एक कारण."

मग भांडी घासली. आकडेमोड काढायची राहून गेली. पुढच्या खेपेला नेईन.

७ एप्रिल, सोमवार

उद्या मतदान. शेवटचा फोन झाला तेव्हा आवाज बसला होता. बेव्ह केस सरळ करायला आली, म्हणाली की हरलो तरी फोटोत नीट दिसायला हवं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ऑरिनचं तुला काय वाटतं?"

"सांगता येत नाही. मत गुप्त असतं."

बेव्हने कंगवा खाली ठेवला, पुन्हा उचलला. "हो," म्हणाली. "फारच गुप्त आहे."

९ एप्रिल, बुधवार

काल लिहिणं जमलं नाही. क्रमाने लिहिते.

सकाळपासून मेथडिस्ट चर्चमधल्या मतदान केंद्राबाहेर, नियमाने ठरवून दिलेल्या अंतरावर, पाटी धरून उभी होते. गार होतं. लोक येताना मान हलवत, जाताना घड्याळ बघत. ऑरिनचा ट्रक परत परत येत होता. वृद्ध निवासातल्या बायका तो खेपांनी आणून सोडत होता, हात धरून पायऱ्या चढवत होता. विरोधाची मतं वाहून आणणारा असा मेहनती माणूस मी पाहिला नाही. ओपल रेनफ्रोसुद्धा त्याच्याबरोबर होती. तिला मी गुडघ्यांसाठी पाण्यातले व्यायाम शिकवले होते. तिने जाताना माझ्याकडे बघून हात हलवला, डोळासुद्धा मिचकावला. मला वाईट वाटलं. पण तिचं उत्पन्न ठरलेलं आहे, घरपट्टी तिलाही लागते. मीही हात हलवला.

संध्याकाळी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये जमलो. भिंतीवर आकडे दिसत होते. शेवटचं मतदान केंद्र मोजून झालं आणि पडद्यावर आलं, हो, शंभरात छप्पन्न आणि काही. हॉल उठून उभा राहिला. कुणी माझ्या पाठीवर थापट्या मारल्या. होलिस खुर्चीवर चढला आणि म्हणाला, "पेल क्रीकने इतिहास घडवला." ज्यांची मुलं मी शिकवली होती ती जोडपी एकमेकांना मिठ्या मारत होती. कुणी तरी फुटका बिगूल वाजवला.

सातातले चार म्हणजे शंभरात सत्तावन्न आणि थोडं वर.

मी हातात पुन्हा तसाच अननसाचा केक धरून उभी होते. मला ते कळलं होतं, आणि मला सांगता येईना. सगळे इतके खूश होते. वाटलं, आणखी जरा वेळ राहू दे. त्यांना टाळ्या वाजवून घेऊ दे.

दारात ऑरिन उभा होता, टोपी हातात घेऊन. आत कुणी त्याला पाहिलं नाही. तो सरळ माझ्याकडे आला.

"बघितलंस ना?"

"बघितलं."

"तू सांगतेस की मी? मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी हसतोय."

"मी सांगते."

होलिसला खाली उतरवलं. केक त्याच्या हातात दिला आणि खुर्चीवर चढले. म्हटलं, "आपल्याला सत्तावन्नच्या वर लागत होती. छप्पन्न मिळाली. आपण हरलो."

बिगूलवाल्याने बिगूल खाली ठेवला. मग मागून एक बाई म्हणाली, "पण त्यांच्यापेक्षा आपली जास्त आहेत ना?"

"हो."

"मग?"

"मग हरलो."

होलिसने केककडे बघितलं. "साडेतीन," म्हणाला, स्वतःशीच. त्याला ते तेव्हा कळलं. मी रागावले नाही. तो रडायच्या बेतात होता आणि त्याच्या हातात केक होता.

मी बाहेर आले. ऑरिन ट्रकला टेकून उभा होता.

"अभिनंदन," मी म्हटलं.

"नको."

"तू जिंकलास."

"तुला माझ्यापेक्षा जास्त मतं पडलीत. असं जिंकायची मला सवय नाही."

मी विचारलं, "तू मत काय दिलंस?"

"मत गुप्त असतं."

"फळी तर चांगली उघड होती."

"फळी रस्त्याला दाखवायची असते," तो म्हणाला. मग टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "घरी सोडू तुला?"

मी म्हटलं, माझी गाडी आहे, बॅटरी नवीन घातलीय. तो म्हणाला, बरं केलंस.

घरी येऊन रडले. ठरवून नाही. बूट काढताना सुरू झालं. जून महिना डोळ्यांपुढे आला, आणि त्यात काहीच नव्हतं.

११ एप्रिल, शुक्रवार

बेव्हने केस धुवायला बोलावलं, पैसे घेणार नाही म्हणाली. डोकं मागे टाकून पडले होते, तिच्या बोटांखाली. ती म्हणाली, "ओपल आली होती सकाळी. सांगत होती, ऑरिनने वृद्ध निवासात दारोदार जाऊन विचारलं, कुणाला मतदानाला जायचंय. मत काय देणार ते विचारलं नाही."

"तो न्यायाने वागणारा माणूस आहे," मी म्हटलं.

"तिथल्या झाडून सगळ्या बायका 'हो'वाल्या आहेत, मार्लिस. हे पेल क्रीकमध्ये कुणाला ठाऊक नाही?"

पाणी कानात गेलं. मी म्हटलं, त्याच्या लक्षात आलं नसेल.

बेव्हने नळ बंद केला आणि बराच वेळ टॉवेल शोधत राहिली. टॉवेल तिच्या खांद्यावर होता.

१२ एप्रिल, शनिवार

होलिसचा फोन आला. तलाव बुजवायचा ठराव सोमवारच्या सभेपुढे येतोय. मातीवाला तयार आहे, मेमध्ये काम सुरू करायचं म्हणतो. एकदा माती पडली की पुढच्या एप्रिलमध्ये मतदारांना विचारायला काही उरणारच नाही. त्याआधी विचारायचं म्हटलं तर यंदा एप्रिल सोडून इतर निवडणुकांत कायद्याने सातातली चार पुरत नाहीत, दोन-तृतीयांश लागतील. म्हणजे एकच मागणं मागता येतं. एक वर्ष थांबा. जाळीला कुलूप लावा, पण माती टाकू नका.

मी म्हटलं, मी बोलेन सभेत. होलिस म्हणाला, "बोल ना. पण तू हरलेली आहेस. सातापैकी दोन सभासद माझ्या बाजूला आहेत, दोन मातीच्या. उरलेले तिघं ऑरिनच्या तोंडाकडे बघतात. त्यांना वळवायचं तर जिंकलेल्या बाजूच्या माणसाने उभं राहून 'थांबा' म्हणायला हवं."

जिंकलेल्या बाजूला एकच माणूस आहे.

दिवसभर अंगणात काम केलं. तो का येणार नाही याची कारणं मला पाठ आहेत. चारचौघांत बोलायला त्याला आवडत नाही. ज्यांनी त्याच्यावर विसंबून 'नाही' लावलं त्यांना तो काय सांगेल? महिनाभरापूर्वी ठराव हातात असताना त्याने फळी काढली नाही, तर आता जिंकून झाल्यावर का वाकेल? शिवाय मी त्याला काय देऊ शकते? तलाव उघडला तरी तो पोहणार नाही. मी जाऊन बसेन, तो कॉफी ठेवेल, सगळं ऐकून घेईल आणि मग नाही म्हणेल. त्याचं 'नाही' मला आता ओळखीचं झालंय. तो ते जमिनीकडे बघून म्हणतो.

आज शनिवार आहे. मी मंगळवारी जाते. मंगळवारपर्यंत सभा होऊन गेलेली असेल, म्हणून आजच जायला हवं. चांगला कोट घातलाय. का, ते माहीत नाही. त्याच्या गॅरेजमध्ये सगळं ग्रीसचं असतं.

काय म्हणायचं ते इथे लिहून बघते, म्हणजे तिथे आवाज बसणार नाही. ऑरिन, सोमवारी सात वाजता नगरसभेत येशील का? मी तलावाबद्दल बोलणार आहे. तू काही बोलू नकोस, फळीही काढू नकोस. फक्त मी बोलत असताना, सगळ्यांना दिसेल असा, माझ्या शेजारी उभा राहा.